घड्याळ नसलेल्या बाजूला

शनिवार, १६ मे

प्रिय एनिड,

तुझा गुडघा आता फार छळत नसेल आणि लेकीच्या घरी खिडकीजवळची खुर्ची तू एव्हाना काबीज केली असशील, असं धरून चालते. मी ठीक आहे. खोकला होता, गेला. बागेतले मटार वर आलेत आणि कबुतरांनाही ते कळलंय.

नोव्हेंबरपासून तुला पत्र नाही. त्याबद्दल काही लिहीत नाही, कारण दोघींनाही माहीत आहे.

आपल्या घंटावाल्यांची वार्षिक सहल काल झाली. यंदा शनिवारऐवजी शुक्रवार धरला. आता आपल्यात नोकरीला जाणारं उरलंय कोण? तुझ्या घंटेच्या दोरावर आता शेजारच्या गावातून एक बाई येतात, तेवढ्यांना रजा काढावी लागली. शुक्रवारी डिसलाही बाजार आणि बेकल्सलाही बाजार, तेव्हा एका दगडात दोन पक्षी, असं रॅल्फचं म्हणणं. खाटकाचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी बाजार म्हटला की त्याच्या अंगात येतं. डिसला घंटा वाजवून उतरलो, तर हा मटणाच्या गाडीपुढं उभा राहून त्या बिचाऱ्याला सुरी कशी धरावी ते शिकवत होता. बेरिलनं त्याला दंडाला धरून ओढत तळ्याकडं नेलं. तिथं त्यानं पोर्क-पाय नावाच्या पेस्ट्रीचं कवच बदकांना टाकलं आणि म्हणाला, "बघ, बदकंसुद्धा खात नाहीत." बदकांनी सगळं खाल्लं.

हार्लस्टनला नुसता चहा. तिथलं ते जुन्या कपबशांचं दुकान अजून आहे, आणि बेरिलनं अजूनही काही न घेता तिथं अर्धा तास घालवला.

गाडीचा ड्रायव्हर नवा होता, डेनिस नावाचा. पोरगेलासा, पण जीभ तिखट. बंगेच्या वाटेवर त्यानं विचारलं, "तुम्ही प्रत्येक गावात चर्चवर चढता, घाम गाळता, आणि खाली येऊन एकमेकांना म्हणता छान वाजलं. ह्यात गाणं कुठलं होतं?"

"गाणं नसतंच रे," रॅल्फ म्हणाला. "आठ जण, आठ दोर, आठ घंटा. दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा. एकदा वाजलेला क्रम पुन्हा येता कामा नये. आणि शेवटी सगळ्यांना पहिल्या क्रमावर घरी आणायचं. असं पाऊण तास न चुकता चाललं की त्याला म्हणायचं क्वार्टर."

"आणि चुकलं तर?"

"हाका देणारा म्हणतो, थांबा. मग कितीही थोडं उरलेलं असो, संपलं."

"पाऊण तासात एखादा क्रम दोनदा वाजला, तर खाली बटाटे घेणाऱ्या माणसाला काय कळणार?"

"त्याला नाही. आम्हाला कळतं," बेरिल म्हणाली.

"मग कागदावर लिहून ठेवत असाल."

"कागद बघायचा नाही. सगळं डोक्यात."

"कुणाच्या?"

रॅल्फनं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या. ही हाक देते, आम्ही वळण घेतो. ही म्हणेल तसं."

डेनिसनं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या आईसारख्या दिसता. तिचंही घरात असंच चालतं." सगळे हसले.

बंगेला जेवलो. मासा बरा होता, चिप्स मऊ. बाजारचौकातल्या घुमटाच्या छत्रीवर ती न्यायदेवी तराजू धरून उभीच आहे, तिच्या डोक्यावर कबूतर बसलं होतं.

शेवटी बेकल्स. तिथं आम्ही तुझ्या सिरिलचा क्वार्टर वाजवला, त्यानं बांधलेलाच. कल्पना रॅल्फची नव्हे, माझी होती. नोव्हेंबरात राहून गेलेलं तुझ्या नव्या गावात पुरं करावं असं मनात होतं. पाऊण तास वाजवलं, घंटा घरी आल्या, मंडळी खूश झाली. तू खाली बाजारात आली होतीस असं रॅल्फ म्हणाला. मी वर दोर गुंडाळत होते, त्यामुळं चुकामूक झाली. वाईट वाटलं. रूबार्बची देठं पोचली, आभार. यंदा फार गुलाबी आहे.

लेकीला आणि जावयाला माझी आठवण सांग.

तुझी,
हेस्टर


रविवार, १७ मे, सकाळी

एनिड,

वरचं पत्र काल पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून उकललं. ते फाडून नवं लिहिणार होते, पण फाडलं नाही. मी तुला काय पाठवायला निघाले होते ते तुला दिसू दे.

मी वर दोर गुंडाळत नव्हते.

पण आधी मनोऱ्यावर काय झालं ते. तू ते ऐकलंस, मला ठाऊक आहे. तरी माझ्या हातानं लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सुरुवात चांगली झाली. रॅल्फ मोठ्या घंटेवर होता. पुढच्या महिन्यात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर त्याला दोर धरता येईल की नाही कुणीच सांगत नाही. त्याआधीचं हे शेवटचं वाजवणं त्यानं सिरिलसाठी राखून ठेवलं होतं. त्याची ती जड घंटा एकदाही मागं पडली नाही. इतकं नेटकं आम्ही कित्येक वर्षांत वाजवलं नसेल. पहिला अर्धा भाग मी एकही हाक न चुकवता दिला.

आणि मग मी तुझा विचार करायला लागले.

कसला विचार, तेही सांगते, म्हणजे लाज पुरी होईल. तू खाली असणार, कारण रॅल्फनं तुला फोन केला होता. मी जिन्यावरून उतरणार, तू पुढं येणार, तुझे डोळे भरलेले, तू म्हणणार, हेट्टी, झालं गं सिरिलचं. आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, जाऊ दे आता ते सगळं. मी सगळं बसवत होते, तुझी वाक्यं, माझी वाक्यं, बाजूला उभे असलेले लोक. त्या चित्रात मी फार मोठ्या मनाची होते. क्षमा मागायला आलेली बाई मी, आणि मनात मात्र तुला क्षमा करून मोकळी झाले होते.

तेवढ्यात एक हाक निघून गेली.

द्यायची ती दिलीच नाही मी. पुढची दोन वळणं गेल्यावर ध्यानात आलं. तेच क्रम पुन्हा वाजत होते, सिरिलनं वर्षभर कागद खराब करून जे टाळले होते तेच. तुला माहीत आहे, त्या जागी एकच शब्द असतो. तोंड उघडलं होतं मी. समोर रॅल्फ, कपाळावरून घाम ओघळतोय आणि चेहऱ्यावर असं हसू की बायकोनंही पाहिलं नसेल. मी म्हणाले नाही.

त्यानंतर जे केलं ते विसरभोळेपणातलं नाही. पुढं हिशेब करून मी एक जादाची हाक घुसवली, जिथं ती नव्हती तिथं. त्यानं वाट आखूड झाली आणि घंटा घरी आल्या. बाहेरून सगळं सरळ. आतून खोटं, एनिड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोटं, कारण आपल्यात अर्धं खरं असं काही नसतं. हे मीच प्रत्येक नव्या माणसाला सांगत आले.

रॅल्फसाठी गप्प बसले, असं काल दिवसभर स्वतःला सांगितलं. त्याचा खांदा, त्याचं हसू. थोडं ते होतंही. पण खरं विचारशील तर मला ते चित्र सोडवत नव्हतं. मला तुझ्यापुढं उतरायचं होतं, हातात काहीतरी पुरं झालेलं घेऊन.

दोर बांधताना बेरिलनं विचारलं, "आज जरा लवकर संपलं का गं?"

आणि मी म्हणाले, "तुम्ही मंडळींनी हात चालवले आज. मलाच धाप लागली."

"ऐकलंस का रॅल्फ, आपण म्हातारे नाही झालेलो," बेरिल म्हणाली, आणि रॅल्फनं आपल्या दुखऱ्या खांद्याला थोपटलं. माझी चूक मी त्यांना शाबासकी म्हणून विकली आणि त्यांनी हसत घेतली.

आता दोर गुंडाळण्याचं. सगळे माझ्या आधी उतरले. मी दारातून पाहिलं. बाजाराच्या बाजूला, भाजीच्या गाड्यांपलीकडं, बाकावर तू बसली होतीस. हिरवा कोट, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी. तू वर घड्याळाकडं बघत होतीस. ते पाहिलं आणि कळलं, तुला कळलंय. तो क्वार्टर किती वेळाचा, कुठं कुठलं वळण, हे तुझ्याएवढं कुणाला पाठ असणार? सिरिलनं तो तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधला, सांडशीनं टेबलावर ठोके देत देत.

मी दारातून उजवीकडं वळले आणि मनोऱ्याच्या मागं गेले. नदीकडच्या बाजूला. तिन्ही बाजूंना घड्याळ आणि त्या बाजूला नुसता दगड, ती बाजू. नदीपलीकडच्या नॉरफोकवाल्यांना फुकट वेळ कशाला सांगा म्हणून बेकल्सच्या लोकांनी तिकडं घड्याळ लावलं नाही, हे आपण सिरिलला दर सहलीला ऐकवायचो. आणि तो दरवेळी म्हणायचा, "आम्हा नॉरफोकच्या माणसांना घड्याळ लागत नाही. भूक लागते, तेव्हा कळतं." त्या दगडाला पाठ लावून मी उभी राहिले. अडुसष्ट वर्षांची बाई, शाळेतून पळालेल्या पोरीसारखी.

रॅल्फ तुला मनोऱ्याच्या पायथ्याशी घेऊन आला, आणि तिथलं सगळं मला ऐकू येत होतं.

"झालं बघ सिरिलचं, एनिड," रॅल्फ म्हणाला. "एकदाचं झालं."

"ऐकलं रे. सगळं ऐकलं."

"कसं वाटलं?"

तू म्हणालीस, "तू फार सुरेख वाजवलंस, रॅल्फ. एकही ठोका मागं नाही." मग तू विचारलंस, "हेट्टी कुठाय?"

"वर असेल. दोर गुंडाळत असेल. तुला माहीत आहे ना तिचं, सगळं जिथल्या तिथं."

"माहीत आहे," तू म्हणालीस. "ही रूबार्ब तिला दे. म्हणावं, साखर जास्त घाल, यंदा फार आंबट आहे."

तू गेल्यावरही मी बराच वेळ बाहेर आले नाही. नदीवर एक नाव चालली होती. तिच्यातल्या माणसानं मला हात केला, मीही केला.

एनिड, मला तू शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं. रॅल्फला नुसतं म्हणायचं होतंस, हे खोटं होतं. तुला हक्क होता. सगळे तिथंच उभे होते, अगदी नोव्हेंबरात होते तसे.

नोव्हेंबरात काय झालं होतं? सिरिलला जाऊन तीन महिने झाले होते. शोकाची रीत म्हणून घंटांच्या लोलकांना एका बाजूनं चामडं बांधलेलं, एक ठोका मोकळा, पुढचा गुदमरलेला. शेवटाला आलो होतो. तुझे डोळे भरले, तुझी वाट चुकली, तू बेरिलच्या घंटेच्या जागी गेलीस आणि ती तुझ्या. मी म्हणाले, थांबा. लगेच म्हणाले, एक क्षणही न घेता. त्या वेगाचा मला अभिमान वाटला होता, तेही सांगून टाकते. तू दोर धरून म्हणालीस, "हेट्टी, थोडंच उरलं होतं गं. सिरिलला चाललं असतं." आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "सिरिललाच चाललं नसतं."

नियमानं मी बरोबर होते. अजूनही बरोबरच आहे. तुझी चूक होती, मी थांबवलं, यात काही खोट काढता येणार नाही. पण ते वाक्य नियमात कुठं होतं? तुझ्या नवऱ्याला काय चाललं असतं ते मी तुला सांगितलं. आणि शुक्रवारी त्याच नवऱ्याच्या नावानं, त्यानंच बांधलेल्या क्वार्टरमध्ये, मी कुसळाच्या जागी मुसळ घातलं आणि झाकली मूठ घेऊन दगडामागं लपले.

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून तू चुकलीस. माझ्या डोळ्यांपुढं मीच होते.

गाडीत परत येताना डेनिसनं विचारलं, "मग, जमलं का तुमचं?" रॅल्फ म्हणाला, "जमलं. आता माझा खांदा कापा नाहीतर तोडा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुझी रूबार्ब माझ्या मांडीवर होती.


रविवार, दुपारी

चर्चमधून येताना रॅल्फच्या घरी गेले. त्याला आधी सांगायचं ठरवलं, कारण उद्या सकाळी तो घंटावाल्यांच्या साप्ताहिकाला बातमी धाडणार होता. मजकूर त्यानं बनवलाही होता. सिरिलच्या स्मरणार्थ, अमुक तमुक, हाका देणारी हेस्टर गॅरड. मोठ्या प्रेमानं वाचून दाखवला. मी त्याला वाचू दिलं.

मग सांगितलं.

तो सफरचंद सोलत होता. साल न तोडता सोलायची त्याची जुनी खोड. साल तुटली.

"कुठं?" त्यानं विचारलं.

मी जागा सांगितली. त्यानं डोळे मिटून बोटांनी टेबलावर मोजून पाहिलं, आणि मान हलवली. "हो. तिथं मला जरा वाटलं होतं. म्हटलं, हेस्टर आहे, ती कशी चुकेल."

"मी थांबवायला हवं होतं."

"हवं होतं." मग सालीचे तुकडे गोळा करत म्हणाला, "मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं गं."

"तू चांगलंच वाजवलंस, रॅल्फ. चुकले मी."

"पण झालं नाही ना ते," तो म्हणाला.

त्यानं रागवायला हवं होतं, पण तो उठून माझ्यासाठी कपात चहा ओतायला लागला आणि उजवा हात वर जाईना, म्हणून किटली डाव्या हातात घेतली. मी तिथं बसून तो चहा प्याले. एवढा कडू घोट मी कधी गिळला नाही, आणि त्यात दोन चमचे साखर होती.

"बातमी मी पाठवत नाही," दारापर्यंत येऊन तो म्हणाला. "पण बाकीच्यांना मी सांगणार नाही. मंगळवारी सरावाला तूच सांग. दोर हातात घेण्याआधी." आणि मग, "एनिडला कळलं होतं?"

"तिला तिथंच कळलं."

"आणि बोलली नाही."

"नाही."

रॅल्फ म्हणाला, "तिनं माझा हात सोडला नव्हता, किती तरी वेळ. मला वाटलं, सिरिलसाठी."

हे पत्र आज संध्याकाळी पेटीत टाकते. उद्या सकाळी निघेल, मंगळवारी तुझ्या दारात पडेल, आणि सराव संध्याकाळी आहे. तुझ्या हातात हे पडल्यावर मला मंडळींपुढं गप्प बसता येणार नाही. स्वतःवर माझा आता तेवढाच भरवसा आहे.

हाका देणं सोडते आहे. मंगळवारी तेही सांगेन. सिरिलचं राहिलंच आहे, पुन्हा राहिलं, आणि या वेळी माझ्यामुळं. रॅल्फचा खांदा कापायला अजून तीन आठवडे आहेत. ये, असं म्हणायला मला तोंड नाही. एवढंच सांगते की हाका द्यायला त्या क्वार्टरची वाट पाठ असलेलं दुसरं माणूस हवंय, आणि असं माणूस एकच आहे. तू हाका दिल्यास तर मला कुठलाही दोर चालेल. नको म्हणालीस तर खाली बाकावर बसेन. आणि वर कुणी चुकलं तर थांबा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

रूबार्ब अजून टेबलावर तशीच आहे, तुझ्या वर्तमानपत्रात. आज शिजवते. साखर जास्त घालणार नाही.

मी तुला भर मंडळीत थांबवलं, एनिड. तू मला भर बाजारात जाऊ दिलंस. यातलं कुठलं सिरिलला चाललं असतं, ते आता मी तुला सांगणार नाही.

तुला थांबवून स्वतः न थांबलेली,

हेट्टी